माले दे आणि गिम्मी

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. धुळ्याहून सकाळच्या एस.टी.ने मी जळगावला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणे आटोपले, पाटावरून उठलो, आणि फराळाचे डबे माजघरात येऊन बसले. पुण्याहून बहिणीचे दीर आणि जाऊ आलेली होती. त्यांचे सात वर्षांचे चिरंजीव आणि माझी तेवढ्याच वयाची भाची असे दोघे चकलीच्या डब्याला लोंबकळत होते. भाची म्हणाली, "माले दे ना, माले दे!" चिरंजीव म्हणाले, "गिम्मी! गिम्मी वन!"

झाले. डबा एक, मागणी एक, अर्थ एक. पण आमच्या ताईसाहेबांनी न्याय दोन केले. लेकीच्या पाठीत हलकासा धपाटा बसला. "नीट बोलावं माणसानं. 'मला दे' म्हण. पाहुण्यांदेखत हे काय गावंढळासारखं?" आणि लगेच मान वळवून पुतण्याकडे पाहत, जावेला ऐकू जाईल अशा बेताने, "काय गोड बोलतो गं हा! अगदी सिनेमातल्यासारखं!" चकली आधी कोणाला मिळाली हे मी वेगळे सांगायला नको.

मी काही बोललो नाही. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीशी वाद घालणारा भाऊ जेवायला दुसरीकडे जातो. पण ती चकली मला काही नीट चावली नाही. कारण ही माझी बहीण लग्न होऊन जळगावात येईपर्यंत पारोळ्याजवळच्या आमच्या खेड्यात वाढली, आणि वयाची वीस वर्षे तिने 'माले'खेरीज दुसऱ्या शब्दाने काही मागितले नव्हते. भाचीही तो शब्द रस्त्यावर शिकलेली नाही. सुट्टीत आजोळी जाऊन माझ्या आईच्या मांडीवर शिकून आलेली आहे. म्हणजे धपाटा नातीच्या पाठीत बसला खरा, पण तो लागला आजीला. हे ताईच्या ध्यानात आले नाही.

त्या दिवसापासून हा लेख माझ्या मनात घोळतो आहे. भांडण बहिणीशी नाही. भांडण त्या न्यायाशी आहे. सर्वनाम आखूड करणे हा जर अपराध असेल तर तो दोघांचाही आहे. आणि नसेल तर दोघांचाही नाही. मग एकाला शाबासकी आणि दुसरीला धपाटा, ही कुठली रीत?

आता, मी कोण सांगणार? हा प्रश्न कोणी विचारण्याआधी मीच उत्तर देऊन टाकतो. मी भाषेचा पंडित नाही. शिक्षण मॅट्रिक. त्यानंतर चित्रकलेची पदविका घेतली आणि धुळ्यात एका शाळेत ड्रॉइंगचा मास्तर झालो. पंचेचाळिशी जवळ आली. दोन-तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. त्या वाचनालयात असतात, आणि बहुधा जागेवरच असतात. पण ड्रॉइंग मास्तराला एक फायदा असतो. भाषेचा मास्तर रजेवर गेला की त्याचा तास ड्रॉइंग मास्तराच्या गळ्यात पडतो. अशा बदली तासांना मी गेली वीस वर्षे मुलांची भाषा ऐकत बसलो आहे, आणि परीक्षेचे ओझे माझ्या डोक्यावर नसल्यामुळे मला ती ऐकूही येते.

प्रथम त्या गोड बोलणाऱ्या चिरंजीवांचे पाहू. 'गिव्ह मी' याचे 'गिम्मी', 'लेट मी' याचे 'लेमी'. हे इंग्रजीतले खरेखुरे आखूड शब्द. जीभ घाईत असली की दोन शब्दांच्या मधली भिंत पाडते आणि एकच खोली करते. आपणही करतोच की. 'मी आहे की'चे 'मीये की' कोणाच्या तोंडी नाही? इंग्रज मंडळी तर याबाबतीत आपल्या चार पावले पुढे आहेत. 'टेल हिम' म्हणताना भल्याभल्यांचा 'ह' गळतो आणि कानावर 'टेलिम' पडते. डॅनिअल जोन्स नावाच्या इंग्रज पंडिताने 1917 साली इंग्रजी उच्चारांचा कोश काढला. त्यात सर्वनामांचे असे हलके उच्चार शिष्ट उच्चारांच्या शेजारीच नोंदलेले आहेत. लबाडी म्हणून नव्हे, रीत म्हणून. आपली मुले मात्र शाळेत प्रत्येक 'हिम' आणि प्रत्येक 'देम' छातीवर हात ठेवल्यासारखा म्हणतात, आणि मग सिनेमातले इंग्रजी कळत नाही म्हणून रडतात.

मौज पुढेच आहे. 'देम' या शब्दाचे बोलण्यात 'एम' होते. 'टेल देम'चे 'टेल-एम'. सगळ्यांची समजूत अशी, की हे 'देम'चे डोके उडवून केलेले धड. माझीही तशीच होती. एका इंग्रजीच्या मास्तरांनी मुलाच्या वहीतल्या अशा 'एम'भोवती तांबडे वर्तुळ काढले होते, तेव्हा कुतूहल म्हणून मी वाचनालयात जाऊन कोश उघडला. पाहतो तो प्रकरण उलटेच! जुन्या इंग्रजीत 'त्यांना' या अर्थाचा 'हेम' असा स्वतंत्र शब्द होता. 'देम' हा पाहुणा. नवव्या-दहाव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत येऊन राहिले, त्यांच्या बोलीतून 'दे', 'देम' ही मंडळी हळूहळू दक्षिणेकडे सरकली. इंग्रजीचा आद्य महाकवी चॉसर 1400 साली वारला. त्याच्या लेखनात 'दे' येऊन पोचलेला आहे, पण 'त्यांना' म्हणायला तो 'हेम'च लिहितो. पुढे 'देम'ने लेखणी बळकावली आणि 'हेम' पुस्तकांतून हद्दपार झाला. तोंडातून मात्र गेला नाही. त्याचा 'ह' तेवढा झिजला, आणि राहिला तो 'एम'. शेक्सपिअरच्या नाटकांचा 1623 सालचा संग्रह आहे, त्यातही तो पानोपानी भेटतो.

म्हणजे ज्याला आपण 'देम'चा अपभ्रंश म्हणून तांबडी शाई फासतो, तो 'देम'चा पोर नव्हे, घरचा मूळ मालक आहे. पाहुणा माडीवर चढून बसला आणि मालक ओसरीवर राहिला, एवढेच.

अर्थात आखूड शब्दांवर चिडणारे तिकडेही झाले. जोनाथन स्विफ्ट, 'गलिव्हर'चा कर्ता, याने 1710 साली एका नियतकालिकात शब्द तोडून बोलणाऱ्या फॅशनेबल लोकांवर आसूड ओढला. गर्दी या अर्थी लॅटिनमधल्या दोन शब्दांचा तुकडा पाडून 'मॉब' हा शब्द तेव्हा नुकताच रूढ होत होता, तोही त्याला खपत नसे. स्विफ्टसारख्या लेखकाने विरोध केला, आणि 'मॉब' आज आमच्या आठवीच्या पुस्तकात आहे. माणसांच्या तोंडाला लगाम घालायला निघालेल्यांचे बहुधा असेच होते.

आता इंग्लंडातून धुळ्याला यायला वेळ लागणार नाही, कारण वाट सरळ आहे.

आमच्या गल्लीत एक म्हातारी होती. ती बोलताना 'म्या सांगतलं', 'म्या आणलं' म्हणायची. आम्ही पोरे तिच्या मागे 'म्या म्या' करून शेळीसारखे ओरडत असू. शाळेने आम्हाला शिकवले होते की शुद्ध रूप 'मी'. पुष्कळ वर्षांनी कळले, की म्हातारीने शेळीचा आवाज काढला नव्हता, ज्ञानेश्वरांचा काढला होता. 1290 साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत 'मियां', 'म्यां' आहे. 'मी केले' या अर्थी तिथे 'म्यां केले'. मराठीच्या जुन्या व्याकरणांतही तृतीयेचे रूप म्हणून 'म्या' आणि 'त्वा' सन्मानाने बसलेले आहेत. पुढे पुस्तकी मराठीने ती रूपे टाकली आणि 'मी'च दोन्हीकडे राबवला. खेड्यातल्या तोंडांनी टाकली नाहीत. 'एम'चे जे, तेच 'म्या'चे. मालक पुन्हा ओसरीवर.

आणि गंमत अशी, की ही जुनी रूपे ज्या माणसाने जिवापाड गोळा केली तो आमच्या धुळ्याचाच झाला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत छापून काढली आणि त्या भाषेचे व्याकरण मांडले. पुढे ते धुळ्यात राहिले, 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे निघाले. ते अजून आहे. त्या दारावरून रोज शेकडो मुले शाळेत जातात. आत कपाटात 'म्यां'ची पूजा, बाहेर फाटकाशी 'म्या' म्हणणाऱ्याची टवाळी! 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या शाळेतही पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. पण खाताना वाटले, की अभिजात जे काय आहे त्यातले निम्मेशिम्मे तर त्या गल्लीतल्या म्हातारीच्या तोंडात होते. तिला कोणी पेढा दिला नाही.

आता भाचीच्या 'माले'कडे येतो, कारण खरे भांडण तिथे आहे. 'म्या'ला निदान ज्ञानेश्वरांचा जामीन आहे, 'माले'ला कोणाचा?

'माले' हा 'मला'चा मोडका तुकडा आहे असे समजणारे मोठमोठे लोक आहेत. जरा कान देऊन पाहा. माले, तुले, त्याले, तिले, आमले, तुमले, त्यासले. एकच 'ले', सगळीकडे, एकाला असो की अनेकांना. आणि आपली प्रमाण मराठी? त्याला, पण त्यांना. एकाला 'ला', अनेकांना 'ना'. कोणती रचना जास्त सरळ आहे हे मी सांगत नाही. मी रेघा मारणारा माणूस, मला सरळ रेघ दिसते. तसेच 'मना'चे. मना भाऊ, मनी बहीण, मनं घर. तुना, तुनी, तुनं. लिंग चुकत नाही, वचन चुकत नाही. पाच वर्षांचे अहिराणी पोर यात कधी घसरत नाही. मोडक्या वस्तूला इतके नियम कसे असतील? 'गिम्मी' हा तोडलेला शब्द आहे. 'माले' हा अखंड आहे. म्हणजे माझ्या ताईने शाबासकी दिली ती तोडणाऱ्याला, आणि धपाटा दिला तो अखंड बोलणारीला!

ग्रिअर्सन साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तिच्यात मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात खानदेशी नाही. ती 1907 सालच्या दुसऱ्याच भागात, भिल्ल बोलींच्या सोबत बसवलेली आहे. त्यावर पंडितांचे वाद झाले आणि अजून चालू आहेत. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र मोजली गेली आणि आपली भाषा ती आहे असे सांगणारे अठरा लाखांवर लोक निघाले. भाषा म्हणा, बोली म्हणा. मला त्या वादात पडायचे नाही. माझे म्हणणे एवढेच, की जी वस्तू मुळात मराठीतून तुटून पडलेलीच नाही, तिला मराठीचा तुकडा म्हणून झिडकारू नका.

जळगावहून धुळ्याला यायचे तर एस.टी.च्या खिडकीशी बसावे. पाळधी, एरंडोल, पारोळा आणि मग धुळे. गाडी भुसावळ-रावेरकडची माणसे घेऊन आलेली असली तर लेवा मंडळींचे 'माह्या घरी', 'तुह्या घरी' कानावर येते. एरंडोल मागे पडले, पारोळ्याला टोपलीवाल्या बाया चढल्या, की 'मना घर', 'तुना घर' सुरू. नव्वद-एक किलोमीटरात 'माझे' हा शब्द दोनदा कपडे बदलतो. कंडक्टर बिचारा सगळ्यांशी सगळे बोलतो. त्याला कोणी व्याकरण विचारत नाही, सुटे पैसे विचारतात. त्या गाडीत बसून मला नेहमी वाटते, की हा मुलूख गरीब असेल, पण 'मी' आणि 'माझे' म्हणायच्या बाबतीत तरी श्रीमंत आहे.

आणि मग बहिणाबाई आल्याच. जळगावजवळच्या आसोद्याची, 1880 साली जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई जात्यावर आणि शेतात ओव्या रचत गेली. मुलाने, सोपानदेवांनी, त्या टिपून ठेवल्या. ती 1951 साली गेली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. त्यात हीच 'ले'वाली सर्वनामे आहेत. आज आमच्या विद्यापीठाला, 2018 पासून, त्या माउलीचे नाव आहे. आणि त्या विद्यापीठाच्या छत्राखालच्या गावागावात आई मुलीला सांगते, "माले म्हणू नको, बावळट दिसशील." कवितेच्या तासाला 'माले' म्हटले की टाळ्या, गणिताच्या तासाला 'माले येस' म्हटले की हशा. 'ती फुलराणी' हे पु. लं.चे नाटक 1975 साली आले तेव्हापासून महाराष्ट्र त्या फुलवालीच्या बोलीवर लुब्ध आहे. पण प्रेक्षागृहाबाहेर तशीच बोलणारी खरी मुलगी गजरे विकायला उभी राहिली, तर तिच्याशी आपण हिंदीत बोलतो.

इथवर मी दुसऱ्यांची उणीदुणी काढली. आता माझे सांगतो, नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी शाळेत कथाकथनाची स्पर्धा होती आणि परीक्षकांत एक कमी पडत होता म्हणून मला बसवले. पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. इतर मुलांनी पुस्तकातले ससे-कासव सांगितले. हिने घरची गोष्ट सांगितली. विहिरीत पडलेले वासरू, दोर घेऊन उतरलेला बाप, वर कंदील धरून उभी असलेली ती. सुरुवातीला ती सांभाळून 'मला, मला' करत होती. पण गोष्ट विहिरीच्या तळाशी गेली तशी भाषाही तळाशी गेली, आणि ती म्हणाली, "माले काहीच दिसेना." वर्ग खो-खो हसला. आणि वाचकहो, मीही हसलो. मोठ्याने नाही, परीक्षकाला शोभेल इतपत. तिने ते पाहिले. तिने गोष्ट तिथेच थांबवली आणि जाऊन खाली बसली. वासरू वर आले की नाही, बाप वर आला की नाही, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. मी तिच्या कागदावर 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारला आणि पाच गुण कापले. पुढे तीन वर्षे ती माझ्या चित्रकलेच्या वर्गात होती. चित्रे बरी काढायची. बोलल्याचे मला आठवत नाही.

गेल्या वर्षी ती मला एका बँकेत दिसली. कॉलेजात जाणारी झाली आहे. सोबत आई होती, कापसाच्या पैशाचे काही काम असावे. आई खिडकीशी जाऊन बोलू लागली, "भाऊ, मना पैसा..." तेवढ्यात मुलीने तिच्या दंडाला धरून तिला मागे ओढले आणि दबल्या आवाजात, स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली, "आई, तू बोलू नकोस. मी बोलते." खिडकीतल्या माणसाने मान वर केली नव्हती, त्याने काहीच म्हटले नव्हते. आई निमूट मागच्या बाकावर जाऊन बसली, पदर सावरून, जशी काही तिने काही सांडून ठेवले होते. मुलीने मला ओळखले, नमस्कार केला. मी पासबुक भरून घ्यायला गेलो होतो, ते न भरताच बाहेर आलो.

त्या बाईला 'मना पैसा' म्हणता येऊ नये? पैसा तिचा होता.

तेव्हा कोणी मला सांगू नये, की हा एका अक्षराचा प्रश्न आहे. मूल जन्मल्यावर जे पहिले दहा-वीस शब्द कमावते त्यात 'मी', 'माले', 'मना' येतात. दगड-धोंडा, झाड-पान यांची नावे बदलून दिली तर ते फारसे बिघडत नाही. पण 'मी' ज्या शब्दाने म्हणतो तोच अशुद्ध ठरवला, तर त्याने 'मी' म्हणायचे कसे? ते मग म्हणतच नाही. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले 'ढ' असतात असे मानण्याचा प्रघात आहे. माझ्या बदली तासांना मी त्यांना "चला, अहिराणीत भांडा" म्हणून सोडले, तर छप्पर उडायची वेळ येते.

आता प्रतिपक्ष. आमच्या शाळेतले मराठीचे एक वयस्क गुरुजी मला म्हणतात, "अरे बाबा, पोरांना परीक्षा द्यायची, मुलाखती द्यायच्या, पुण्या-मुंबईत राहायचे. तिथे 'माले' चालणार आहे का? तू लाडाने त्यांचे नुकसान करतोस." गुरुजींचे म्हणणे खोटे नाही. अर्ज लिहायचा तर 'मला'च लिहिला पाहिजे. कोर्टात, कचेरीत, छापील पुस्तकात एक ठरलेली भाषा हवीच, नाहीतर रावेरचे पत्र रत्नागिरीत कोण वाचणार? मीही हा लेख 'मला'मध्येच लिहितो आहे. मुलांना 'मला' उत्तम आला पाहिजे, आणि तो न शिकवणारा मास्तर हरामाचा पगार खातो असे माझे स्पष्ट मत आहे.

पण त्या इंग्रजीच्या मास्तरांचे तांबडे वर्तुळ आठवा. मी त्यांना 'एम'ची कुळकथा ऐकवली तेव्हा ते हसून म्हणाले, "मास्तर, बोलताना खुशाल बोलू द्या, मी कुठे अडवतो? पेपरात लिहू नये एवढंच." किती शहाणे उत्तर! इंग्रजीच्या 'एम'ला त्यांनी वहीत अडवले आणि तोंडात मोकळे सोडले. मग आमच्या 'माले'लाच तोंडात का अडवायचे? साहेबाच्या आखूड सर्वनामाला जेवढी सवलत, तेवढीच आजीच्या अखंड सर्वनामाला द्या. मी जास्त मागत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पाचवीपर्यंत तरी जमेल तिथे घरच्या भाषेतून शिकवा असे म्हटले आहे. घरची भाषा म्हणजे मराठी असे आम्ही लिहून मोकळे झालो. कोणाचे घर, हे कोणी विचारले नाही.

लेखक म्हणूनही मला याचा चटका बसला आहे, आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या एका कादंबरीत अमळनेरकडची एक म्हातारी सुनेला आपला पडका वाडा दाखवते आणि म्हणते, "हाऊ मना वाडा शे." मुद्रितशोधकाने ते सुधारले. पुस्तकात छापून आले, "हा मनातला वाडा आहे." एवढ्यावर थांबते तर मी कपाळाला हात लावून गप्प बसलो असतो. पण एका समीक्षकांनी परीक्षणात नेमके तेच वाक्य उचलले, आणि उद्ध्वस्त वास्तूच्या मानसिक प्रतिमेबद्दल अर्धे पान माझी पाठ थोपटली. आयुष्यात झालेले माझे तेवढेच मोठे कौतुक, आणि ते मी न लिहिलेल्या वाक्याचे! म्हातारीला बिचारीला एवढेच म्हणायचे होते, की वाडा माझा आहे.

अलीकडे बदली तासाला मी फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारतो. डावीकडे 'माले', उजवीकडे 'मला'. डावीकडे 'त्यासले सांग', उजवीकडे 'त्यांना सांग'. आणि जागा उरली तर कोपऱ्यात 'टेल-एम'ही लिहितो आणि त्याची कुळकथा सांगतो. मुलांना ती फार आवडते. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने विचारले, "सर, मंग इंग्रज बी चुकतस का?" मी म्हटले, "नाही रे, तेही बोलतातच." हे फार मोठे शिक्षणशास्त्र आहे असा माझा दावा नाही. एवढे खरे, की त्या वर्गातली मुले 'मला' लवकर शिकली, कारण 'माले' खिशात शाबूत आहे हे त्यांना ठाऊक होते.

भाऊबीजेची गोष्ट मात्र अर्धीच राहिली. संध्याकाळी मुलांनी गच्चीवर फुलबाज्या काढल्या. डबा भाचीच्या ताब्यात होता, कारण घर तिचे. पुण्याचे चिरंजीव हात पसरून 'गिम्मी, गिम्मी' करत होते आणि ही बया ऐकून न ऐकल्यासारखी एक-एक फुलबाजी स्वतःच लावत होती. मी कठड्याशी उभा राहून पाहत होतो. चार-पाच फुलबाज्या विझल्यावर चिरंजीवांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. कारण खाली माजघरापर्यंत जाईल अशा आवाजात तो ओरडला, "माले दे! माले बी दे!"

तिने लगेच दोन दिल्या.

जिन्यावरून फराळाचे ताट घेऊन ताई वर येत होती. ती तिथेच थांबली. एकवार तिने पुतण्याकडे पाहिले, मग मागून येणाऱ्या जावेकडे, आणि मग डोळे वटारून माझ्याकडे.

"दादा, तूच शिकवलंस ना त्याला हे?"